थंडावलेल्या अग्नीच्या अंगणात

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'ज्वालामुखीच्या सावलीतील जीवन' हा आजचा विषय फळ्यावर वाचून दोघातिघांनी मला विचारले की, आदिलाबादेत ज्वालामुखी आला कोठून? प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात कापूस आहे, साग आहे, एकेकाळच्या अखंड जिल्ह्याचा विचार केला तर दगडी कोळसाही आहे. पण धूर ओकणारा डोंगर नाही. शिवाय मी मराठीचा अध्यापक. दगडाधोंड्यांचे शास्त्र मला ठाऊक आहे ते वाचनापुरते, आणि त्यातले बरेचसे याच ग्रंथालयाच्या कपाटांतून मिळालेले. तरीही हा विषय मी घेतला, कारण तो परका नाही. आपल्या शेताचा रंग, विहिरीची खोली आणि घराचा पाया या तिन्ही गोष्टी एका फार जुन्या आगीने ठरवून ठेवलेल्या आहेत.

प्रथम शब्दाकडे पाहू. भाषेच्या माणसाला तेथूनच आरंभ करावा लागतो. ज्वालामुखी हे मुळात देवीचे नाव. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा भागात तिचे स्थान आहे आणि तेथे खडकाच्या फटींतून ज्योती तेवत असतात. त्या ज्योती भूगर्भातल्या ज्वलनशील वायूच्या आहेत. शास्त्राच्या अर्थाने तो ज्वालामुखी नव्हे. म्हणजे ज्या स्थानाचे नाव आपण उचलले तेथे ज्वालामुखी नाही, आणि जी भूमी ज्वालामुखीतून घडली तिला आपण ते नाव कधी दिले नाही. तिला आपण 'काळी' म्हणालो. असो.

मुंबईच्या किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत, आणि माळव्यापासून थेट आपल्या सातमाळ्याच्या रांगेपर्यंत जो काळा दगड पसरला आहे, त्याला मराठी विश्वकोशात 'असिताश्म' असा नेटका शब्द आहे. असित म्हणजे काळा. आपला विहीर खोदणारा त्याला नुसते काळा पाषाण किंवा फत्तर म्हणतो आणि त्याचे काही अडत नाही. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी या विस्तीर्ण थरांना 'दख्खन ट्रॅप' हे नाव दिले. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ जिना, पायऱ्या. डोंगराच्या कडेने थरावर थर पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव. गंमत अशी की, आपण ज्याला घाट म्हणतो त्या शब्दातही नदीच्या पायऱ्या आहेतच. दोन दूरच्या भाषांना डोंगराकडे पाहून जिनाच आठवावा, हे मला लक्षणीय वाटते.

हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आजही उरले आहेत. मूळचे त्याहून अधिक असावेत. पश्चिमेला सह्याद्रीत त्यांची जाडी २,००० मीटरच्या वर जाते. कोयना परिसरात संशोधनासाठी खोल भोक घेतले तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी १,२४७ मीटर भरली. किल्लारीला ती ३३८ मीटर निघाली. पूर्वेकडे येता येता हे थर पातळ होत जातात आणि आपल्या भागात संपतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिम भागात काळा पाषाण, दक्षिणेला ग्रॅनाइट, पैनगंगेच्या काठी चुनखडी आणि पूर्वेला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात वालुकाश्म व कोळसा, असा हा चार खडकांचा शेजार आहे. दख्खनच्या गोधडीचा काठ आपल्या अंगणात येऊन टेकला आहे, असे म्हणा. भाषेचा काठही जवळपास येथेच टेकतो. हा निव्वळ योगायोग आहे काय, या मोहक प्रश्नात मी आज शिरत नाही. पण काळ्या जमिनीमागोमाग नांगर आला आणि नांगरामागोमाग बोली आली, एवढे तरी खरे आहे.

ही आग लागली कशी? आपल्या डोळ्यांसमोर ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा डोंगर येतो. दख्खनचे तसे नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस उतू जाणाऱ्या दुधासारखा बाहेर पडून सपाटीवर पसरत गेला. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या मुखाकडे अशाच काळ्या पाषाणाचे थर आहेत. पश्चिमेकडचा शिलारस प्राचीन नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे १,००० किलोमीटर वाहत तेथवर पोहोचला असावा, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. यातला बराचसा उद्रेक १० लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ थोडा. पण दोन उद्रेकांच्या मध्ये शेकडो, हजारो वर्षांची शांतता असे. त्या शांततेत तळी साचत, झाडे उगवत, बेडूक ओरडत. मग पुन्हा भेग पडे आणि तळे, झाड, बेडूक सारे झाकले जाई.

ही कल्पना नव्हे. दोन थरांच्या मध्ये दबलेल्या गाळात त्या जीवांचे अवशेष सापडतात. नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १९ व्या शतकाच्या मध्याला असे जीवाश्म गोळा केले; नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. मुंबईत वरळीच्या खडकात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. पुढे बिरबल साहनी यांनी या थरांतल्या वनस्पतींचा अभ्यास केला. आपल्या अगदी शेजारचे उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे पिसदुरा. काळ्या पाषाणाच्या खालच्या खडकात तेथे महाकाय सरीसृपांच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या, विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. तोवर डायनोसॉरांच्या काळी गवत होते याची खात्री कोणाला नव्हती. ज्वालामुखीच्या सावलीत खऱ्या अर्थाने जगणारे आपल्या परिसरातले पहिले ज्ञात रहिवासी हेच. पुढे त्यांचा वंश संपला. मेक्सिकोकडे आदळलेल्या प्रचंड अशनीने संपवला की दख्खनच्या वायूंनी त्याला हातभार लावला, हा वाद अजून चालू आहे. अशनीचे पारडे सध्या जड आहे, एवढेच सांगता येते.

अशनीवरून आठवले. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अनेक वर्षे मृत ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात एवढा गोल खड्डा, तेव्हा तर्क सहज होता. पण १९७० च्या दशकातील संशोधनाने ते अशनीच्या आघाताने झालेले विवर असल्याचे सिद्ध केले. आगीचे घर म्हणून जे दाखवले जाई ते आकाशातून पडलेल्या दगडाने केलेले भोक निघाले. आणि खरे आगीचे घर प्रेक्षक ज्यावर उभे राहून ते पाहत होते ते पठारच होते.

आता जिवंत ज्वालामुखीकडे वळू. इटलीत व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई हे शहर राखेखाली गाडले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ सालचा. आजही धोक्याच्या पट्ट्यात सहा लाखांहून अधिक माणसे राहतात. २००३ च्या सुमारास तेथील प्रांतिक शासनाने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना घरासाठी ३०,००० युरोपर्यंत अनुदान देऊ केले. तरीही वस्ती मोठ्या प्रमाणावर हलली नाही. जावा बेटावर मेरापी आहे. योग्यकर्त्याच्या सुलतानाने नेमलेला त्या पर्वताचा एक राखणदार असे. २०१० च्या ऑक्टोबरात स्थलांतराचा आदेश निघाला तेव्हा हा वृद्ध राखणदार, म्बाह मारिजान, घर सोडून गेला नाही आणि २६ तारखेला तप्त राखेच्या लोटात मरण पावला. त्या वर्षीच्या उद्रेकांत साडेतीनशेहून अधिक बळी गेले. काही महिन्यांत लोक परतले आणि राखेतच पुन्हा पेरू लागले.

याला वेडेपणा म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्वालामुखीची राख पिकाला मानवते, पाऊस डोंगराला अडतो, भात तीनदा येतो. आणि उद्रेक कदाचित आपल्या हयातीत व्हायचाही नाही. कुणब्याचा हा हिशेब आहे. धोका मोठा पण दूरचा, पीक रोजचे आणि जवळचे. दोन वर्षे पाऊस दगा देतो, तिसऱ्या वर्षी भाव पडतो, तरी आपला शेतकरी चौथ्या वर्षी त्याच काळीत सरकी टोबतो; तेव्हा त्याच्या मनातला हिशेब याहून फार वेगळा नसतो. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची जी मालिका सुरू झाली, ती याच उत्तम म्हणून नावाजलेल्या जमिनीवर. बाहेरचा माणूस विचारतो, एवढे नुकसान होते तर सोडत का नाहीत? मेरापीच्या पायथ्यालाही बाहेरचा माणूस हेच विचारतो.

भारतातला जागता ज्वालामुखी एकच. अंदमानात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद झाली; पुढे शतकाहून अधिक काळ तो निजला आणि १९९१ साली पुन्हा जागा झाला. त्यानंतर तो अधूनमधून धुमसतोच आहे. त्याच्या पायथ्याला माणूस राहत नाही. नाव 'बॅरन', म्हणजे वांझ, ओसाड. जागता अग्नी वांझ आणि विझलेला अग्नी लेकुरवाळा, हा भेद केवळ काळाचा आहे. ताज्या शिलारसावर काही उगवत नाही. ऊन, पाऊस, मुळे यांनी तो हजारो वर्षे कुटावा लागतो, तेव्हा कोठे वीतभर माती होते.

आणि सावली लांब पडते. टांबोरा हा इंडोनेशियातला पर्वत १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला. १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही आणि हिंदुस्थानातही पाऊसमान बिघडले. १८१७ साली बंगालात पटकीची साथ उसळली आणि त्याच वर्षी पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हजारोंचा बळी घेतला. शनिवारवाड्यावरचा भगवा उतरला तेही १८१७ च्या नोव्हेंबरातच. टांबोराची राख आणि ही साथ यांचा धागा काही अभ्यासक जोडतात. तो पुरता सिद्ध झालेला नाही, म्हणून मीही जपूनच सांगतो.

आता आपल्या काळीकडे. शास्त्रीय ग्रंथांत या मातीला 'रेगूर' म्हणतात. हा शब्द तेलुगू 'रेगडि'वरून गेला; म्हणजे जगभरच्या मृदाशास्त्राला आपल्या शेजारच्या भाषेने शब्द पुरवला आहे. मराठीत काळी, मोरंड, खरडी, बरड अशी तिची उतरंड आहे आणि प्रत्येक नावात त्या जमिनीची किंमत दडलेली आहे. काळा पाषाण झिजून जी चिकणमाती होते ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते आणि जमीन जणू स्वतःची नांगरट स्वतः करते. तिच्यात चुना, पोटॅश, लोह आहे. नत्र आणि सेंद्रिय अंश मात्र बेताचा. काळ्या रंगावरून ती सर्वसंपन्न आहे असे समजणाऱ्यांची फसगत होते.

जी माती कापसाला धरते ती भिंतीला धरत नाही. काळीवर बांधलेले घर पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात खचते. म्हणून आपल्या पूर्वजांनी गावाची 'पांढरी' आणि शेताची 'काळी' वेगळी ठेवली. जुन्या कागदपत्रांत 'काळी-पांढरी' हा जोडशब्द संपूर्ण गाव या अर्थाने येतो. नव्या वसाहती काळीत पाया घालतात आणि तिसऱ्या वर्षी भिंतीला तडा गेला की गवंड्याला बोल लावतात!

या काळीचा एक इतिहास आपल्या सभागृहात फारसा बोलला जात नाही. तो बोलावा असे मला वाटते. या डोंगरांत आणि खोऱ्यांत गोंड व कोलाम आपल्या आधी होते. पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून, कापसाच्या ओढीने जे शेतकरी आले त्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते. कागद ज्याच्या हाती त्याची जमीन झाली. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारच्या काळात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने मारलावाई येथे राहून गोंडांचा अभ्यास केला आणि जमीन हातची गेल्याची त्यांची कहाणी लिहून ठेवली. १९७० साली अनुसूचित क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याने कडक बंधन आले. तरीही २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. लोक अधिक सांगतात. आपण जिला काळी आई म्हणतो, तिच्या थोरल्या लेकरांची ही हकीकत शतकमहोत्सवी ग्रंथात यायला हवी.

आग विझली म्हणजे भूमी निश्चल झाली, असे नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. हे भूकंप ज्वालामुखीचे नव्हेत, भूकवचातल्या ताणाचे आहेत. पण माणसे मेली ती कशाखाली? काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंतींखाली आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेल्या पांढऱ्या मातीच्या ओझ्याखाली. तीच माळवदे उन्हाळ्यात घर थंड ठेवत आली होती.

तसेच उनकेश्वरचे. १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या आणि आता नांदेड जिल्ह्यात असलेल्या किनवट तालुक्यातले हे उन्हाळे. रामाच्या बाणाने हे पाणी निघाले आणि शरभंग ऋषींची व्याधी हरली, असे क्षेत्रमाहात्म्य सांगते. पाण्याखाली ज्वालामुखी आहे, असे काही सुशिक्षित सांगतात. या दोहोंत मला पहिली कथा अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती शास्त्राचा आव आणत नाही. पावसाचे पाणी भेगांतून फार खोल जाते, तेथील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

शेवटी पाण्याविषयी, कारण आजचा खरा प्रश्न तो आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. शिलारस निवताना त्यातले वायूचे बुडबुडे जेथे अडकले तेथे दगड सच्छिद्र झाला. त्याला आपले विहीर खोदणारे 'मांजऱ्या' म्हणतात. मांजऱ्या लागला की त्यांचे तोंड उजळते. त्याखाली कधी भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टा लागतो. ती दोन उद्रेकांमधल्या शांततेतली जमीन, वरच्या शिलारसाने भाजलेली. एका शेताला पाणी आणि बांधापलीकडे कोरडा फत्तर, याचे कारण या थरांत आहे. आता विंधनविहिरी शेकडो फूट खाली जातात. यंत्र दगडाचे पीठ करून वर फेकते; कोणता थर कोठे लागला हे यंत्रचालक दुसऱ्या गावी पोहोचेपर्यंत विसरलेला असतो. जुन्या विहिरी आटल्या, काही कचऱ्याने भरल्या.

ज्यांनी त्या खोदल्या ते वडार कारागीर तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलत. जात्याला टाकी लावणारे, पाटा-वरवंटा घडवणारे, सुरुंगाचे भोक कोठे घ्यावे हे दगडावर हातोडा वाजवून ओळखणारे. दगडाच्या आवाजासाठी त्यांच्याकडे शब्द होते. ते कोणत्याही कोशात मला सापडले नाहीत. त्यांतले जे वृद्ध हयात आहेत त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे.

म्हणून माझी एक सूचना कार्यकारी मंडळापुढे आहे आणि सभासदांनी तिला हातभार लावावा. शतकमहोत्सवी निधीतला थोडा भाग नव्या कपाटाऐवजी एका नोंदवहीसाठी ठेवावा. आदिलाबाद, जैनथ, बेला, तलमडुगू, बोथ या भागांतील जितक्या जुन्या विहिरींची माहिती मिळेल तितकी तीत लिहावी. तिचा कच्चा नमुना मी ग्रंथपालांकडे दिला आहे. रकाने साधे आहेत: गाव, विहीर कोणी व केव्हा खोदली, काळी किती हात, मुरूम किती, मांजऱ्या कोठे लागला, तांबडा पट्टा लागला का, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके आणि आता टिकते का. शेवटचा रकाना रुंद ठेवला आहे. त्यात खोदणाऱ्याने त्या थरासाठी वापरलेला शब्द, तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, लिहावयाचा आहे. मराठी, तेलुगू, गोंडी, जी असेल ती. पहिल्या पानावर चार विहिरींची नोंद झालेली आहे.